गाळा क्रमांक तीन, बिअर शॉपी आणि पुतण्याचा प्रश्न

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर आमची सव्वीस सदनिकांची सोसायटी आहे आणि तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला चार गाळे आहेत. तिसऱ्या गाळ्यातले झेरॉक्सचे दुकान बंद होऊन दोन वर्षे झाली. मी सोसायटीचा सचिव असल्याने गाळामालकाने गेल्या आठवड्यात माझ्या हातात पत्र ठेवले, की तेथे बिअर शॉपी काढायची असून संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र मिळावे. सोसायटीच्या गाळ्यात असे नवे दुकान काढायचे असेल तर संस्थेची ना हरकत लागेल, असे सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले होते. तेव्हा ती बातमी मी वाचून सोडून दिली होती. ती आपल्याच दारात येईल असे वाटले नव्हते.

ते पत्र जेवणाच्या टेबलावर पडले होते. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या पुतण्याने ते वाचले आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवता बुडवता विचारले, "काका, तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्या की खाली बिअर विकायला चालणार. मग कुणाच्या खिशात गांजाची पुडी सापडली की त्याला पोलीस का नेतात? हे ठरवते कोण?" मी त्याला "आधी जेवून घे" म्हणालो, पण उत्तर माझ्याकडे नव्हते.

मी स्वतः महिन्यातून एक-दोनदा बिअर घेतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाला ते शोधून काढण्याचे कष्ट पडणार नाहीत. सभा येत्या रविवारी आहे. करमणुकीसाठी केलेल्या नशेला समाजाने परवानगी द्यावी का, द्यावी तर कोणत्या नशेला आणि कशाच्या आधारावर, यावर आपली मते हवी आहेत.

घाटवाट

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी चार सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या. तुम्ही विषयपत्रिकेवर बिअर घ्या, पहिल्याच सभेला खुर्च्या कमी पडतील.

कलम_खंड

वकिली करतो म्हणून प्रथम कायदा काय आहे ते सांगतो, कारण "दारूला परवानगी आहे आणि गांजाला नाही" हे गृहीतकच आपल्या राज्यात पूर्णपणे बरोबर नाही. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याची मांडणी अशी, की दारू बाळगणे, विकणे आणि पिणे हे सर्व निषिद्ध असून शासन परवाना देऊन त्यातून सूट देते. परमिट रूम हा शब्द आपण रोज उच्चारतो. त्यातले परमिट पिणाऱ्याजवळही असावे लागते, हे किती जणांना ठाऊक आहे? एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना आणि तहहयात परवाना हजार रुपयांना मिळतो. बिअरसाठी वयाची २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. तेव्हा पुतण्याला सांगा, की या राज्यात दारूला मोकळीक नाही, सवलत आहे.

गांजाचे पाहायचे तर १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा येतो. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे आणि शेंडे; शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बी त्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत, आणि त्याच फटीतून उत्तरेकडे भांगेची दुकाने सरकारी परवान्यावर चालतात. गांजाचे एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प धरले जाते, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्यापारी प्रमाण २० किलोंपासून सुरू होते आणि तेथे किमान शिक्षाच दहा वर्षे आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचारासाठी पुढे आला तर त्याच्यावरचा खटला टळावा यासाठी कलम ६४-क आहे, मात्र त्याचा उपयोग करून घेणारा आरोपी मी वकिलीच्या बावीस वर्षांत एकच पाहिला.

एकाच झाडाचा शेंडा गुन्हा आणि पान प्रसाद, अशी ही व्यवस्था आहे. ती तर्काने ठरलेली नाही, रूढीने ठरलेली आहे.

मोकळा_वारा

वकीलसाहेबांनी माझे अर्धे काम केले. माझे मत स्पष्ट आहे. सज्ञान माणसाने स्वतःच्या शरीरात काय घालावे हे सरकारने सांगू नये. त्याने गाडी चालवली, बायकोवर हात उचलला, तर त्या कृत्याची शिक्षा करावी आणि ती आजच्यापेक्षा कडक करावी. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, बंदी घालणे योग्य नाही, कर लावून लागवड आणि दुकाने यांवर नियंत्रण ठेवावे, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याचा अभ्यास झाला, ते १९८५ मध्ये एका कायद्याने गुंडाळून ठेवले गेले. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता, दहा दिवस पुरेल एवढा साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा धरणे सोडून दिले. कॅनडाने २०१८ मध्ये गांजाची विक्री खुली केली. तेथील समाज काही बुडालेला नाही.

सोसायटीपुरते सांगायचे तर सही करा. दुकान उघडे असेल तर निदान पावती मिळते.

तालमीतला

पावती घेऊन बिअर पिणारा माणूस कोल्हापुरात मी अद्याप पाहिलेला नाही.

विनोद बाजूला ठेवतो. माझे वय एकोणसत्तर आहे, शिवाजी पेठेत वाढलो आणि वीस वर्षे लाल मातीत घालवली. आमचे वस्ताद पहाटे चार वाजता दारावर काठी आपटत, आणि ज्याच्या तोंडाला वास येईल त्याचा लंगोट त्याच दिवशी खुंटीवरून उतरत असे, मग तो कुणाचाही मुलगा असो. मोकळा वारा म्हणतात तसे स्वातंत्र्य आम्हालाही होतेच, तालमीचा दरवाजा सोडून जाण्याचे. समाजालाही असा एक दरवाजा असावा लागतो. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला होता, कारण त्या दुकानांत कुणाची मजुरी जिरते हे त्यांना दिसत होते. शाहू महाराजांच्या गावात राहणाऱ्यांनी हे विसरू नये. सर्व प्रकारची नशा बंद करावी, या मताचा मी आहे आणि ते बदलणार नाही.

दप्तर_बंद

आप्पा, तुमच्याविषयी आदर ठेवून लिहितो. माझी सगळी नोकरी उत्पादन शुल्क खात्यात झाली, आता निवृत्त आहे. बंदीने काय होते ते मी कागदावर वाचलेले नाही, रात्री घाटात उभे राहून पाहिले आहे.

आपला जिल्हा गोव्यापासून जवळ आहे. गोव्यात कर कमी, आपल्याकडे जास्त. एवढ्या एका कारणाने आंबोली, चंदगड, फोंडा घाट, गगनबावडा या वाटांनी गोवा बनावटीची दारू येते. तिला वर्तमानपत्रांत कायमची एक ओळ मिळालेली आहे. एकदा भाजीचा टेम्पो थांबवला. वर कोबीचे गड्डे होते, पण टेम्पोचा हौदा बाहेरून जितका खोल दिसत होता तितका आतून नव्हता. बोटांनी मोजले तर वीतभर फरक आला. पत्रा उचकटला तेव्हा खाली आडव्या रचलेल्या बाटल्या निघाल्या, एकमेकींवर आपटून वाजू नयेत म्हणून प्रत्येकीला वर्तमानपत्र गुंडाळलेले होते. चालक विशीतला पोरगा होता आणि त्याला एका खेपेचे जे पैसे मिळणार होते ते आमच्या शिपायाच्या आठवड्याच्या पगाराहून अधिक होते. राज्याने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटींवर नेले, तेव्हा माझ्या मनात प्रथम तो टेम्पो आला.

हा नुसता करातला फरक झाला. पूर्ण बंदीचे उदाहरण हवे असेल तर बिहार पाहा. एप्रिल २०१६ पासून तेथे दारूबंदी आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक माणसे मेली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०२१ मध्ये आपल्याच राज्य सरकारला ती उठवावी लागली. बंदीने गिऱ्हाईक जात नाही, फक्त दुकानदार बदलतो, आणि नव्या दुकानदाराकडे आमचा निरीक्षक नमुना घ्यायला जाऊ शकत नाही.

कोवळी_भेंडी

दप्तर बंद काका, विषारी दारू म्हणजे नेमके काय होते? हातभट्टीतच विष तयार होते का?

दप्तर_बंद

सहसा नाही. हातभट्टी म्हणजे खराब काळा गूळ, नवसागर आणि पाणी पिंपात कुजवून, खाली जाळ लावून वाफ धरायची. ती घाणेरडी असते, यकृताची वाट लावते, पण एका रात्रीत पन्नास माणसे तिने सहसा मरत नाहीत. तसे मरण येते ते मिथेनॉलने. तो कारखान्यांत विद्रावक म्हणून वापरला जाणारा स्वस्त पदार्थ आहे, दिसायला आणि वासाला दारूसारखाच. गुत्तेवाला नफ्यासाठी तो मिसळतो. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्यांची नस प्रथम जाते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली ती अशीच. आणि लक्षात घ्या, मुंबईत बंदी नव्हती. परवाना असलेली देशीसुद्धा ज्याला परवडत नाही, तो तेथे जातो.

आडवी_रेघ

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, तरीही "बंदीने फक्त दुकानदार बदलतो" हे वाक्य मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगते.

माझे माहेर भुदरगड तालुक्यात आहे. गावात देशी दारूचे एक दुकान होते, एस. टी. थांब्याच्या बरोबर समोर. मुली शाळेला जाताना त्या थांब्यावर उभ्या राहण्याऐवजी पुढच्या वळणावर जाऊन उन्हात उभ्या राहत. बायकांनी सह्या गोळा केल्या आणि दुकान बंद करावे का यावर गावातल्या महिलांचे मतदान लागले. मतपत्रिकेवर दोन चित्रे होती, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा घरात न विचारता मत दिले. मात्र नियमातली गोम अशी, की झालेल्या मतांच्या निम्म्याने चालत नव्हते, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागत. लग्न होऊन पुण्याला गेलेली, बाळंतपणाला गेलेली, ऊसतोडीला गेलेली, इतकेच काय, वारलेली पण यादीत राहिलेली बाई, या सर्वजणी न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्या जात. आम्ही जीप करून सासरवाशिणींना आणले. त्या दिवशी गावात माहेरपण करायला आल्यासारख्या बायका उतरत होत्या आणि दुकानदार पारावर बसून मोजत होता. एकवीस मतांनी बाटली आडवी झाली.

पुढचे आता प्रामाणिकपणे सांगते. दारू संपली नाही. शेजारच्या गावातून एक जण मोटरसायकलच्या डिकीत चपट्या आणून दहा रुपये जास्त घेऊन विकू लागला. पण जो माणूस मजुरी हातात पडल्यावर थांब्यावरून घरी येता येता दुकानात वळत असे, तो आधी घरी येऊ लागला, कारण डिकीवाला रात्री आठनंतर येई. त्या दोन तासांत पैसे डब्यात पडत. माझी चुलती म्हणते, दारू बंद झाली नाही, पण बाजार भरू लागला. हे कोणत्याही खात्याच्या नोंदीत येत नाही, म्हणून ते घडले नाही असे कृपया म्हणू नका.

दप्तर_बंद

ताई, ते दोन तास आमच्या कोणत्याच तक्त्यात नव्हते, हे खरे आहे. माझे वाक्य मी "बहुतेक ठिकाणी" एवढी जोड देऊन मागे घेतो.

फडकरी

या चर्चेत ऊस कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते आहे, तेव्हा तो मीच आणतो. एक टन ऊस गाळला की साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते, आणि एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल. म्हणजे माझ्या फडातल्या प्रत्येक टनामागे दहा लिटर. त्यातले काही आता पेट्रोलमध्ये जाते, काही औषधांना, आणि बाकीचे कुठे जाते हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. आमची बिले वेळेवर निघण्यात आसवनीचा हातभार असतो. आडव्या बाटलीला मत देऊन परत येणाऱ्या बायकांच्या डोक्यावर संध्याकाळी जो भारा असतो तो उसाच्या वाढ्यांचा असतो, एवढेच सुचवतो.

आडवी_रेघ

दादा, ठाऊक आहे. आमचाही तीस गुंठे ऊस आहे. घरात सुरी आहे म्हणून ती पोराच्या हाती द्यावी असे थोडेच आहे?

घाटवाट

हा धागा वाचत वाचत मी टपरीवर मावा मळून घेत होतो, हे कबूल करतो. तंबाखू कुणाच्याच यादीत नाही म्हणून सुटल्यासारखे वाटले.

कलम_खंड

फार सुटू नका. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि सुगंधित तंबाखू व सुपारीही तिच्या कक्षेत येते. तरीही माव्याच्या प्लास्टिकच्या पुड्या गल्लोगल्ली दोरीला लटकलेल्या दिसतात. बंदीची अंमलबजावणी कशी होते याचा नमुना पाहायचा असेल तर आपल्या टपरीवाल्याचे ते मळायचे प्लास्टिक पाहा. घासून घासून पांढरे पडलेले असते.

संपादक_मंडळ

तंबाखूसाठी स्वतंत्र धागा काढावा. येथे मूळ विषयावर राहावे, ही विनंती.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, कोल्हापुरातच. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटते आहे असे वाटते म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्याने केलेली विभागणी आणि अपायाची विभागणी या एकमेकींशी जुळत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात दहा ते पंचाहत्तर वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे सोळा कोटी, दारू पितात. भांग, गांजा आणि चरस मिळून २.८ टक्के. कर्करोगाच्या कारणांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने दारू १९८८ मध्येच घातली आहे, आणि अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही, हे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वॉर्डात येणारे पोटात पाणी झालेले, रक्ताच्या उलट्या होणारे रुग्ण जवळजवळ सगळे परवानाधारक दुकानांचे गिऱ्हाईक असतात.

एक प्रसंग सांगतो, त्यातील ओळख पटेल असे सर्व बदलून. मोटरसायकलवरून पडून मांडीचे हाड मोडलेला चाळिशीतला माणूस दाखल झाला. पिता का, या प्रश्नाला बायकोने "कधीमधी" असे उत्तर दिले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून काहीतरी वेचू लागला. मुंग्या आहेत म्हणाला, नंतर छताला कोणीतरी बसले आहे म्हणाला, हात थरथरत होते, अंग घामाने भिजले होते, आणि नातेवाइकांनी उशाखाली अंगाऱ्याची पुडी ठेवलेली होती. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हे होते, आणि वेळेत ओळखले नाही तर माणूस दगावतो. त्याला थायमिन आणि झोपेच्या गटातली औषधे देऊन आम्ही बाहेर काढले. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "मी काही दारुडा नाही, रोज फक्त एक क्वार्टर." समाजाने दारूला दिलेली परवानगी ती अशी, की पिणाऱ्याला स्वतःलाही ती दिसेनाशी होते.

आता मोकळा वारा यांना दुसरी बाजू. गांजा निरुपद्रवी आहे हे मी लिहून देणार नाही. पंधरा-सतराव्या वर्षी नियमित ओढू लागलेल्या मुलांमध्ये भ्रम आणि संशयाचे आजार अधिक आढळतात. घरात कुणाला तसा आजार असेल तर धोका आणखी वाढतो. आणि मेफेड्रोन, ज्याला मुले एम.डी. म्हणतात, ते तर वेगळेच प्रकरण आहे. त्याला २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या यादीत घातले, आणि २०२१ मध्ये त्याचा कारखाना आपल्याच चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत सापडला. पुडीत काय आहे हे ज्याला विकणारा आणि घेणारा दोघेही सांगू शकत नाहीत, त्याला "शरीर माझे, मर्जी माझी" हे सूत्र कसे लावायचे?

मोकळा_वारा

डॉक्टरसाहेब, पुडीत काय आहे ते कळत नाही ते बंदीमुळेच कळत नाही ना? आणि पोर्तुगालबद्दल कुणी काहीच बोलले नाही.

रात्रपाळी

बोलतो. पोर्तुगालने काहीही खुले केलेले नाही. विक्री आजही गुन्हाच आहे. साठा सापडलेल्या माणसाला पोलीस कोठडीऐवजी कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्यांच्या छोट्या समितीपुढे पाठवतात, आणि त्यामागे उपचारांची यंत्रणा उभी असते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन त्याच वाटेवर पाऊल टाकले, पण उपचारांची सोय मागे राहिली आणि रस्त्यांवरचे हाल पाहून २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा गुन्हा कायम केला. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी व्यसनमुक्तीच्या किती खाटा आहेत, ते मोजून मग आपण कोणत्या वाटेला लागू ते तुम्हीच सांगा.

तालमीतला

डॉक्टर, "रोज फक्त एक क्वार्टर" हे वाचून माझ्या धाकट्या भावाची आठवण झाली. तोही असेच म्हणायचा. त्याने तालीम सोडली तेव्हा वस्तादांनी दार बंद केले आणि आम्ही सर्वांनी ते बरोबरच मानले. तो परत यायला निघाला असता तर कुठे आला असता, हे त्या वेळी कुणाच्या मनात आले नाही. बंदीबद्दलचे माझे मत तेच आहे. एवढे मात्र लिहावेसे वाटले.

कोरा_चहा

बराच वेळ वाचत होतो. येत्या श्रावणात माझी दारू सुटून चौदा वर्षे होतील.

बंदी असती तर मी थांबलो असतो का? नाही. ड्राय डेच्या आदल्या रात्री मी दुप्पट माल भरून ठेवत असे, आणि खरे तर ड्राय डेलाच सर्वांत जास्त पीत असे, कारण दुसऱ्या दिवसासाठी म्हणून आणलेलीही त्याच दिवशी संपे. परवाना नसता तर मी सुरुवात केली नसती का? तेही नाही, पहिली मी उसाच्या फडात, गावठी, प्लास्टिकच्या पिशवीला दातांनी भोक पाडून प्यालो होतो. त्यामुळे कायद्याच्या वादात माझा कोणालाच उपयोग नाही.

धागाकर्त्यांच्या गाळ्याबद्दल मात्र मला बोलता येते. ज्या दिवशी सोडली त्यानंतरचे पहिले वर्ष मी कचेरीतून घरी येताना सरळ रस्ता वापरला नाही. सरळ रस्त्यावर सात दुकाने होती. मी गंगावेशीकडून वळसा घेऊन येत असे, पंचवीस मिनिटे जास्त लागत, आणि तेथल्या एका हॉटेलात उभ्याने कोरा चहा घेत असे, म्हणून हे नाव. दारू सोडलेल्यांच्या आठवड्याच्या बैठकीत एका जुन्या सदस्याने मला सांगितले होते, की तल्लफ पंधरा-वीस मिनिटांची असते, तेवढा वेळ पाय दुसरीकडे ठेव. ज्याच्या जिन्याखालीच दुकान आहे त्याने पाय कुठे ठेवायचे? सव्वीस सदनिकांत असा एखादा असतोच. तो सभेत बोलणार नाही, कदाचित बिअर शॉपीच्या बाजूने हात वर करील, कारण विरोध केला तर का केला हे विचारतील.

मोकळा_वारा

कोरा चहा, तुमच्या प्रतिसादावर वाद घालण्याजोगे माझ्याकडे काही नाही. गुन्हा ठरवू नये या मतावर मी ठाम आहे, पण "सही करा" हे मी फार सहज लिहून गेलो.

फडकरी

सभेचे काय झाले, सचिवसाहेब? रविवार होऊन गेला.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

उशीर झाला, क्षमस्व. घाटवाट यांचे भाकीत खरे ठरले. सव्वीसपैकी बावीस जण हजर होते, वाहनतळात मांडलेल्या खुर्च्या पुरल्या नाहीत आणि काही मंडळी स्कूटरवर बसली.

मी तुमच्या प्रतिसादांतले मुद्दे लिहून नेले होते. पोर्तुगाल, १८९३ चा आयोग, सर्व काही चिठ्ठीवर होते. प्रत्यक्षात पहिली पंचेचाळीस मिनिटे गाळामालकाने थकवलेल्या तीन वर्षांच्या देखभाल शुल्कावर गेली. दुकान सुरू झाले तर थकबाकी एकरकमी भरतो, असे त्यांनी सांगितले, आणि लिफ्ट मार्चपासून बंद असल्याने वरच्या मजल्यावरच्या दोन काकू लगेच शॉपीच्या बाजूने झाल्या. एक जण म्हणाला की बाहेर उभे राहून पिणाऱ्यांचा त्रास होईल. दुसरा म्हणाला की मग शॉपीऐवजी परमिट रूमच काढा, म्हणजे आत बसून पितील. समाजाने परवानगी द्यावी का, हा प्रश्न कुणीही विचारला नाही. मतदान चिठ्ठ्यांवर घेतले, आणि ते मी कोरा चहा यांच्या शेवटच्या वाक्यामुळे मुद्दाम करून घेतले. हात वर करायला लावले असते तर निकाल वेगळा लागला असता, असे मला वाटते. तेरा विरुद्ध नऊ मतांनी ना हरकत नाकारली.

माझे मत नकाराचे होते. घरी आल्यावर पुतण्याने विचारले तेव्हा सांगून टाकले. तो म्हणाला, "म्हणजे बिअर तुम्ही पिणार, पण दुकान दुसऱ्यांच्या जिन्याखाली असावे." मी म्हणालो, होय, तूर्त तसेच. त्याला वकीलसाहेबांचे शेंडा आणि पान ऐकवले, डॉक्टरांच्या मुंग्या ऐकवल्या. मुंग्यांचे त्याने दोनदा विचारले.

गाळामालक मला जिन्यात भेटले. समोरच्या बाजूला त्यांच्या मेहुण्यांचे बैठे घर आहे. तेथे सोसायटी नाही, म्हणजे ना हरकतीचाही प्रश्न नाही, असे ते हसून म्हणाले.

आडवी_रेघ

समोरच्या बाजूला शाळेत जाणाऱ्या मुली कुठे उभ्या राहतात, ते एकदा सकाळी पाहून ठेवा.

कोरा_चहा

मधे रस्ता आहे. ओलांडावा लागतो. तेवढेही पुष्कळ असते, विशेषतः संध्याकाळी वाहने थांबत नाहीत तेव्हा.

दप्तर_बंद

सचिवसाहेब, ठराव इतिवृत्तात नीट लिहून त्याची प्रत उत्पादन शुल्क कार्यालयात स्वतः नेऊन द्या. टपालाने पाठवू नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का टाकून घ्या, आणि शिक्क्यातली तारीख नीट उमटली आहे की नाही ते खिडकीवरून हलण्यापूर्वी पाहा.